दीड लिटरची पिशवी

नवऱ्याला दुकानाच्या मधोमध उभं केलं आणि म्हटलं, "हं, आता पळा. जागच्या जागी."

नांदेडातलं ते स्पोर्ट्सचं दुकान, संध्याकाळची वेळ. कुणी बॅडमिंटनची फुलं घेतंय, कुणी बूट चढवून बघतंय, आणि सगळ्यांच्या देखत माझा नवरा ऑफिसच्या कपड्यांवर एक राखाडी पिशवी बांधून उड्या मारतोय. पिशवी पहिलीतल्या मुलाच्या दप्तराएवढी. तिच्या आत पाण्याची मऊ थैली, आणि थैलीतून निघालेली नळी खांद्यावरून पुढं तोंडापाशी येते. पळताना किंवा सायकलवर असताना हात न सोडता पाणी प्यायचं, एवढंच तिचं काम. दुकानदार तिला हायड्रेशन बॅग म्हणत होता, मी पाण्याची पिशवी म्हणत होते. पुढं आप्पांनी तिला पखाल म्हटलं आणि तेच नाव टिकलं.

"ताई, पाठीवर बघा ना, कशी घट्ट बसलीय," दुकानदार म्हणाला. मी पाठीकडं बघतच नव्हते. माझं सगळं लक्ष नवऱ्याच्या छातीकडं होतं.

"टोचतंय का?"

"टोचत नाही. लाज वाटतेय."

"लाजेचं नंतर बघू. चौका दबतोय का ते सांगा."

आम्ही लिंगायत. इष्टलिंग चांदीच्या छोट्या डबीत ठेवून गळ्यात घालायचं. त्या डबीला चौका म्हणतात. ती दोऱ्यावर बरोबर छातीच्या मध्यावर येते, आणि या असल्या पिशव्यांचा वरचा पट्टाही नेमका तिथंच येऊन बसतो. पिशव्या बनवणाऱ्यांनी जगभरातल्या कुणाकुणाची मापं घेतली असतील, पण लातूरच्या आडत्याचं माप काही घेतलेलं दिसत नव्हतं.

पिशवी घ्यायची होती आप्पांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी. सासरे आणि जावई अंगानं सारखेच. तीच रुंद छाती, तेच थोडं पुढं आलेलं पोट. म्हणून मी याला कामाला लावलं होतं. तो कुरकुर करत का होईना, पण पळत होता, कारण पिशवी कशासाठी हवी आहे हे त्याला ठाऊक होतं.

आप्पा लातुरात एकटे राहतात. सगळं आयुष्य आडत बाजारात गेलं. पोत्यात हात घालायचा, मूठभर हरभरा तळहातावर घ्यायचा, एक दाणा दाताखाली फोडायचा आणि भाव बोलायचा. दुकान बंद केलं तेव्हा मला वाटलं होतं हे खचतील, पण नाही खचले. खचले ते अव्वा गेली तेव्हा. आमच्याकडं आईला अव्वा म्हणतात. ती गेली आणि फोनवरचा आप्पांचा आवाज पातळ झाला. "जेवलात का?" विचारलं की "हाव." "काय करताय?" "काय करू? बसून राहिलो." मी नांदेडला चला म्हणायची, पुण्याचा भाऊ पुण्याला चला म्हणायचा, आणि आप्पा दोघांनाही म्हणायचे, "बगू की." आमच्या घरात "बगू की" म्हणजे नाही.

घराच्या बोळात माझ्या भाच्याची सायकल चादर पांघरून उभी होती. जाड टायरची, गिअरची, खडकाळ वाटांवर चालवायची. भाचा शिकायला गेला आणि ती तिथंच राहिली. एक दिवस आप्पांनी चादर काढली, धूळ पुसली, हवा भरली आणि सायकल बाहेर काढली. का, ते कुणालाच कळलं नाही. गल्लीतली माणसं म्हणायची, "आप्पा, शर्यतीला निघालात का?" आप्पा म्हणायचे, "हाव. मागं बस, तुला पण नेतो."

डांबरी रस्ता त्यांना आवडायचा नाही. औशाच्या रस्त्यानं थोडं गेलं की डावीकडं गाडीवाट लागते, ती धरून शेताशेतांतून जायचे. काळ्या मातीतल्या चाकोऱ्या, मुरमाचे चढ, मध्येच एखादी बांधावरची उडी. अडुसष्ट वर्षांचा माणूस! आधी मला धडकी भरायची. मग फोनवर ऐकू यायला लागलं, कुणाच्या तुरीला कशी शेंग लागली, कुठल्या बांधावर मोर दिसले, कुणी हाक मारून हुरड्याला बसवलं. फेरी दर महिन्याला लांबत चालली होती, आणि आवाज परत आला होता. ज्यांनी आपल्या वडिलांचा आवाज असा हरवताना ऐकलाय त्यांनाच कळेल, त्या सायकलचं मला काय वाटत होतं. मी तिच्या पाया पडायची बाकी होते.

आणि मार्चमध्ये ते पडले.

पडले म्हणजे सायकलवरून नाही. परतताना डोळ्यांपुढं अंधारी आली म्हणून उतरले, बांधाला टेकून बसले, ते उठताच येईना. ट्रॅक्टरवाल्या एका माणसानं पाहिलं आणि सायकलसकट घरी आणून सोडलं. मी नांदेडहून मिळेल त्या बसनं निघाले. लोहा, अहमदपूर, चाकूर, प्रत्येक स्टँडवर गाडी थांबली की जीव नुसता वरखाली. पोचले तेव्हा त्यांना सलाईन लावलेलं होतं आणि ते शेजारच्या पेशंटला सोयाबीनचा भाव सांगत होते.

डॉक्टर म्हणाले, अंगात पाणी कमी पडलंय आणि हे आजचं नाही, बरेच दिवस चाललंय. मूत्रपिंडावर ताण आलाय. क्रिएटिनिनचा आकडा दाखवला. मग आप्पांकडं वळून म्हणाले, "सायकलला माझी ना नाही. पण वाटेत पाणी पीत चला. मे महिन्यात परत तपासू. आकडा उतरला नाही तर मात्र सायकल बंद."

आप्पांनी मान डोलावली. भाऊ फोनवर म्हणाला, "कशाला थांबायचं मेपर्यंत? आजच विकून टाक ती सायकल." मी त्याला म्हणाले, सायकल विकली तर आप्पा घरात बसतील, आणि घरात बसलेले आप्पा आपण वर्षभर बघितलेत. पाण्याचं मी बघते.

म्हणून मी त्या दुकानात उभी होते.

आता माझी खोड सांगते. मी मेथीची जुडी घेताना पाच जुड्या उलट्यापालट्या करते, भाजीवाली मला बघून तोंड फिरवते. त्यात मी स्वतः पळणारी. रोज सकाळी गोदावरीच्या घाटापासून सुरुवात करते, कधी अर्धापूरच्या रस्त्याला केळीच्या बागांपर्यंत जाते. असली पिशवी मी आधीपासून वापरते, त्यामुळं तिचे सगळे छळ मला अंगावर माहीत आहेत. पाठीवर हलणारी पिशवी पळताना मागून थापट्या मारत राहते. शिवण जाड असेल तर काखेत सोलवटतं. थैलीचं तोंड बारीक असेल तर आत हात जात नाही, मग धुता येत नाही, मग पाण्याला वास येतो. सायकलला बाटली लावायची सोय असतेच, पण गाडीवाटेवर बाटलीच्या तोंडावर धुळीचा थर बसतो, आणि चाकोरीत एक हात सोडला की आप्पा बांधापलीकडं.

दुकानातल्या सगळ्या पिशव्या मी काउंटरवर मांडल्या. एकीचे पट्टे कडक. एकीला इतके कप्पे की आप्पांनी त्यात अर्धा बाजार भरून नेला असता. एक सुंदर होती, पण नुसती रिकामीच जड. शेवटी ही राखाडी हातात आली. हलकी, पाठीकडून जाळी, तोंड रुंद. आणि मुख्य म्हणजे वरचा पट्टा खालीवर सरकवता येत होता. मी तो पार गळ्याजवळ नेला, खालचा बरगड्यांवर आणला, आणि मधल्या मोकळ्या जागेत चौका आरामात राहिला.

"अजून एक," मी म्हणाले. "ही नळी दातात धरूनच प्यायची का?"

"हो ताई, चावलं की पाणी येतं."

"बोटानं दाबलं तर?"

त्याला असं आजवर कुणी विचारलं नसावं. त्यानं दाबून बघितलं. धार पडली, त्याच्याच बुटावर. मला बरं वाटलं. आप्पा तांब्यालासुद्धा ओठ लावत नाहीत, वरून पाणी पितात. उष्टी नळी रोज तोंडात धरणं त्यांच्याच्यानं झालं नसतं.

मग दीड लिटरची की दोनची, यावर मी बराच वेळ घातला. दुकानदार दोनची घ्या म्हणत होता, उन्हाळा आहे. नवऱ्याचंही तेच मत होतं, पण त्याला बहुधा घरी जायचं होतं. मी दोन्हीत पाणी भरायला लावलं आणि आळीपाळीनं त्याच्या पाठीवर दिल्या. दोनची खांदे मागं ओढत होती. चढावर आप्पांना ते नको. पाणी काय, दीड लिटर भरपूर झालं. मी दीडची घेतली आणि आपण किती शहाण्या आहोत असं वाटून बाहेर पडले.

लातुरात आप्पांनी पिशवी हातात घेतली तशी मला एकदम बाजारातली आठवण झाली. त्यांनी शिवण दोन बोटांत धरून ताणली, बंद ओढून बघितला, वजन तोललं. नळीकडं बघून म्हणाले, "हे तर पखाल हाय की. आमच्या लहानपणी भिस्ती आणायचा." मग पाठीवर घातली. मी पुढं होऊन पट्टे लावले, वरचा वर, खालचा खाली. त्यांनी छातीवर हात ठेवून चौका चाचपला. तो मोकळा होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"एवढं बगून आणलं का, माय?"

मला माय म्हणतात ते फक्त फार बरं वाटलं तरच. एरवी मी बाई.

नांदेडला परत आले आणि रोज फोन करायला लागले. "आप्पा, पिशवी नेली होती का?" "हाव, नेली." "भरून?" "गळ्यापर्यंत." "कशी आहे?" "लई भारी. पाठीला गार लागते बग. उन्हाचं काईच वाटत न्हाई." मी खूश. भावाला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, माझ्याबरोबर पळणाऱ्या बायकांना सांगितलं. त्यांतल्या एकीनं आपल्या सासऱ्यांसाठी तशीच घेतली.

मे महिन्यात तपासणीला मी लातूरला गेले. रिपोर्ट हातात आला. आकडा उतरला नव्हता. उलट थोडा वर गेला होता.

डॉक्टर म्हणाले, "पाणी पिताय ना?" आप्पा म्हणाले, "पितो की." आणि ते खोटं बोलत नव्हते. दुपारी, संध्याकाळी मी माझ्या डोळ्यांनी त्यांना पाणी पिताना बघितलं. डॉक्टरांनी अजून थोडी मुदत दिली, पण फोनवर भाऊ ऐकेना. "बस झालं तुझं पिशवीपुराण. रविवारी येतो आणि सायकल घेऊन जातो." पिशवी तर खुंटीला टांगलेली, रिकामी, कोरडी. म्हणजे पाणी पोटात गेलं. मग कुठं गेलं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात भांडी घासत होते. आमच्याकडं नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. या गावाला एका उन्हाळ्यात रेल्वेनं पाणी आलेलं आहे, तेव्हापासून भांडी घासलेलं पाणीसुद्धा आम्ही बादलीत धरून ठेवतो. अंगणातलं सगळं वाळलेलं. जास्वंद गेली होती, मोगऱ्याच्या काड्या राहिल्या होत्या. फक्त कोपऱ्यातला बेल तेवढा हिरवागार. अव्वानं लावलेला. पूजेला घरचा बेल असावा म्हणून लावला आणि पानं तोडण्याजोगी व्हायच्या आधी ती गेली. मला त्या उन्हात त्याची कोवळी पालवी बघून छान वाटलं. आप्पा सांडपाणी घालत असतील, मी म्हटलं.

इतक्यात आप्पा आले. सायकल भिंतीला लावली. चेहरा लाल, ओठांवर पांढरी साय. पिशवी उतरवली, सरळ बेलाकडं गेले, रुंद तोंड उघडलं आणि आतलं सगळं पाणी बुंध्याशी ओतलं. सगळं. थैली तट्ट भरलेली होती, तिच्यातला थेंबही कमी झालेला नव्हता.

मी पातेलं टाकून उठले.

"आप्पा! हे काय करून राहिलात?"

"बेलाला पाणी घालून राहिलो. तिचा बेल हाय."

"आणि तुम्ही? तुम्ही वाटेत काय प्यालात?"

आप्पा माझ्याकडं असे बघायला लागले जशी मी काही भलतंच विचारलंय. "पूजा व्हायची हाय की अजून," ते म्हणाले.

मी तिथंच दगडावर बसले. पूजेआधी पाणी नाही. हे मला माहीत नव्हतं असं थोडंच होतं? आमच्या घरात आम्ही पोरं तसंच वाढलो. पण तेव्हा अव्वा उजाडायच्या आत पूजेचं ताट मांडायची, आणि आम्ही डोळे चोळत उठेपर्यंत दोघांची पूजा होऊन चहाला आधण ठेवलेलं असायचं. पूजा आणि पाणी यांच्यात कधी ऊन आलंच नव्हतं. आता हा माणूस उठून आधी सायकल काढत होता, दोन-तीन तास मराठवाड्याच्या उन्हात घाम गाळत होता, पाठीवर गार पाणी घेऊन, आणि परत येऊन आंघोळ, मग पूजा, मग पहिला घोट. पाठीला गार लागते म्हणाले होते. लागतच असणार. प्यालात का, असं मी एकदाही विचारलं नव्हतं, आणि न विचारलेलं त्यांनी सांगितलं नव्हतं.

मला राग आला. खूप आला. "मग आंघोळ-पूजा करून निघा ना!"

"आणि आल्यावर? घामानं भिजून येतो मी. दोन-दोन आंघोळी? लातुरात?"

"दुसरी नका करू. पंच्यानं अंग पुसा."

"घामेजल्या अंगानं लिंगाला हात कसा लावू?"

"का? सायकलवर असताना लिंग कुठं असतं? घरी खुंटीला टांगून जाता? तुमच्या छातीवरच असतं ना, त्याच घामात? त्याला घाम चालतो आणि तुम्ही पाणी प्यालेलं चालत नाही?"

बोलल्यावर माझं मलाच वाटलं, जरा जास्त झालं. वडिलांशी मी अशी कधी बोलले नव्हते. आप्पांनी चौक्यावर हात ठेवला. थोडं हसल्यासारखं केलं. मग बेलाकडं तोंड करून पायरीवर बसले.

"तसं न्हाई, बाई," ते म्हणाले. आवाज पुन्हा तो पातळ झाला होता. "सकाळी उठलो की ते ताट दिसते. ती मांडायची. दोघं बसायचो. माझं झाल्याबिगर ती घोट घ्यायची न्हाई. आता एकट्यानं बसायचं म्हणलं की लई जड जाते. मग सायकल काढतो. पार दमून आलो की कसं तरी बसता येते."

मला ते सगळं एकदम दिसलं. सायकल दर महिन्याला लांब लांब का जात होती, ते दिसलं. हा माणूस हौसेनं फिरत नव्हता, तो रोज सकाळी त्या एका रिकाम्या पाटापासून जेवढं लांब राहता येईल तेवढं राहत होता. आणि मी त्यासाठी पिशव्यांच्या शिवणी तपासत बसले होते. मला रडू आलं ते मी आवरलं नाही. बापासमोर काय आवरायचं?

"जाता कुठं?" मी विचारलं. "रोज?"

"कुठं जाणार? तिच्याकडंच. थोडा वेळ बसतो आणि पुढं जातो."

अव्वाला आम्ही आमच्या शेतात ठेवलंय. आमच्यात दहन करत नाहीत, समाधी देतात. मूठमातीच्या वेळी माणसाचं इष्टलिंग त्याच्या तळहातावर ठेवून त्याला बसवतात. अव्वाही तशीच बसलेली आहे, लिंबाच्या झाडाखाली, पूजेला बसल्यासारखी.

मी नाक पुसलं. "मग पूजा तिथंच करा की, आप्पा."

"रानात?"

"रानात. पाणी तुमच्या पाठीवर असतंच. ती तिथं बसलेलीच आहे. ताट मांडायची गरज नाही. आणि उद्या मी येते बरोबर."

आप्पा "बगू की" म्हणाले नाहीत, आणि मला तेवढ्यावरच आशा वाटली.

दुसऱ्या दिवशी अंधार होता तेव्हाच बादलीचा आवाज आला. आंघोळ चालली होती. मीही आंघोळ केली, बूट घातले, माझं लिंग गळ्यात घातलं. खरं सांगायचं तर नांदेडला ते बरेचदा देव्हाऱ्यातच असतं. आप्पांनी भस्माची पुडी आणि बेलाची चार पानं पिशवीच्या कप्प्यात टाकली. कप्पे नकोत म्हणणारी मी, तो एक कप्पा राहिला होता ते बरं झालं. थैली मी स्वतः भरली, पट्टे मी लावले.

ते सायकलवर आणि मी पायी, शेजारून पळत. माझ्यासाठी ते हळू चालवत होते आणि दर थोड्या वेळानं म्हणत होते, "दमलीस का? बस की मागं." त्या सायकलला मागं बसायला जागाच नाही. गाडीवाटेला लागलो तेव्हा उजाडत होतं. नांगरलेल्या रानाचा वास येत होता. माझ्या घशाला कोरड पडली होती, कारण मीही पाणी घेतलं नव्हतं. पाठीवरच्या त्या पाण्याचा डुबुकडुबुक आवाज ऐकत तसं पळणं काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं. आप्पांनी तो आवाज महिना-दीड महिना रोज ऐकला होता.

लिंबाखाली पोचलो. आप्पांनी सायकल बांधाला टेकवली, समाधीसमोरची पानं हातानं झाडली, आणि बसले. त्यांच्या डाव्या बाजूला अव्वा बसायची. मी तिथं बसू की नको असं झालं. आप्पांनी हातानं जमिनीवर थापटलं. मी बसले.

त्यांनी चौका उघडला आणि लिंग डाव्या तळहातावर घेतलं. मीही घेतलं. मग त्यांनी नळी पुढं ओढली, तोंडाला न लावता दोन बोटांत धरून दाबली. बारीक धार लिंगावर पडली. माझ्या तळहातावरही त्यांनीच पाणी घातलं. भस्म लावलं, बेल वाहिला, ओठ हलत राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. वारा नव्हता, लिंबावर एक व्हला पारव्यासारखा घुमत होता. तळहातात साठलेलं तीर्थ आम्ही घेतलं. लिंग चौक्यात ठेवून आप्पांनी तो मिटला आणि छातीशी सोडला.

मला वाटलं, आता पितील. पण त्यांनी नळी माझ्याकडं केली नाही आणि आपल्याकडंही नाही. समाधीच्या मातीवर धरली. थोडं पाणी सोडलं. ओली माती गडद झाली.

"आधी तिला," ते म्हणाले. "तिनं पण अजून घेतलेलं न्हाई."

मग मान वर करून, नळी ओठांपासून चार बोटं वर धरून ते प्यायला लागले. थांबले, श्वास घेतला, परत प्यायले. पाणी हनुवटीवरून ओघळत होतं. त्यांचं ते प्यायलेलं पाणी घशातून खाली जाताना मला दिसत होतं. मी लहानपणी त्यांना असं बाजारातून आल्यावर तांब्यानं पिताना बघायची, तेव्हा ते मला जगातले सगळ्यांत मोठे पुरुष वाटायचे. मला पुन्हा तसंच वाटलं. मी त्या राखाडी पिशवीच्या पट्ट्यावर हात ठेवून नुसती बसले.

रविवारी आलेला भाऊ रिकाम्या हातानं पुण्याला परत गेला, जूनमध्ये आकडा उतरला आणि सायकल बोळातच राहिली, हे सगळं नंतरचं. बेलाला आता मी सांगितलंय तसं भांड्यांचं पाणी घालतात, आणि तो तक्रार करत नाही.

त्या सकाळी मात्र आप्पांनी मला पाणी दिलं, मग परत स्वतः घेतलं, परत मला दिलं. उन्हं लिंबाच्या शेंड्यावरून खाली यायला लागली होती. शेवटी त्यांनी नळी दाबली तर फुसफुस झाली आणि दोन थेंब पडले. त्यांनी परत दाबली. पिशवी पाठीवरून पुढं घेतली, चाचपली, उलटी केली. आतलं सगळं संपलं होतं. मग आप्पांनी कपाळाला आठ्या घालून माझ्याकडं बघितलं, बाजारात वजनात मारणाऱ्या माणसाकडं बघायचे तसं.

"दीड लिटरची कामून आणलीस, माय?" ते म्हणाले. "तिघांला पुरत न्हाई ही. दोनची घ्यायला पाहिजे होती."